आधी ब्रेक, मग रंग

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या इमारतीखाली एक आवाज होतो. आधी हीटर प्लग तापेपर्यंतची शांतता, मग घशातला खोकला मोकळा व्हावा तशी घरघर, आणि मग एकसारखी धडधड. अँटॉप हिलच्या आमच्या गल्लीत या आवाजावर आता लोकांची घड्याळे लागतात. तिसऱ्या मजल्यावरच्या खालाजान म्हणतात, "तुमची जीप सुरू झाली की मी चहा ठेवते." रविवारी आम्हाला सुट्टी असते, त्यांचा चहा उशिरा होतो, आणि त्याचा ठपका आमच्यावर येतो.

घरातली आम्ही दोघेही शाळेत शिकवणारी माणसे, आणि दारात १९९४ सालची जीप! नातेवाइकांना हसू येते. वर्गातली मुले विचारतात, "टीचर, तुम्ही शूटिंगला जाता का?" आणि लग्नकार्यात कुणी ना कुणी बाजूला घेऊन हळूच चौकशी करतेच : जुनी जीप घ्यावी का? रोज चालते का? किती पैसे गेले? एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा या महिन्याच्या सदरात सगळा हिशेब मांडतो. त्यात आमची एक मोठी चूकही सांगावी लागेल. ती वगळली तर हिशेब खोटा ठरेल.

गरज की हौस?

गाडीची गरज होती, यात शंका नाही. आमची शाळा माझगावला, मुलांच्या अब्बांची कुर्ल्याला. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, गुडघ्यांनी बेजार; दर पंधरवड्याला त्यांना सायनला दवाखान्यात न्यावे लागते. गाव मंडणगड तालुक्यात, म्हाप्रळच्या पुढे. शेवटचा चढ लाल मातीचा. पावसाळ्यात तिथे रिक्षावाले हात जोडतात आणि म्हातारी माणसे चिखलातून चालत घर गाठतात.

शिवाय २६ जुलै २००५ आमच्या मनातून जात नाही. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नोकरीची पहिलीच वर्षे होती. कमरेएवढ्या पाण्यातून, अनोळखी माणसांचे हात धरत आम्ही रात्री उशिरा घरी पोहोचलो. तेव्हापासून पावसात हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलचे नाव निघाले की पोटात गोळा येतो. उंच गाडी असावी, हा विचार तिथून सुरू झाला.

नवी गाडी घ्यायची तर हप्ते आले, आणि हप्त्यांबरोबर व्याज. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही हे लग्न झाले तेव्हाच ठरलेले. भिशीचे नव्वद हजार हातात होते. धाकट्या दिरांनी सत्तर हजार कर्ज-ए-हसना म्हणून दिले. रीतसर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन. एक लाख साठ हजारांत एखादी छोटी वापरलेली मोटार मिळाली असती. पण मुलांच्या अब्बांनी जीपचे नाव काढले.

त्यांचे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात जीपचालक होते. सुट्टीच्या दिवसांत लहानगा मुलगा शेजारी बसून घाट बघत असे. आम्ही सरळच विचारले, "ही गाडी अम्मीच्या गुडघ्यांसाठी हवी आहे, की तुमच्या आठवणींसाठी?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "दोन्हींसाठी." गरजेचे कारण पुढे करून त्यांनी हौस झाकली असती तर आम्ही नकारच दिला असता. खरे बोलले, म्हणून होकार दिला. (अम्मी आता प्लॅस्टिकच्या स्टुलावर पाय ठेवून जीपमध्ये चढतात. गुडघ्यांसाठी जीप घेणे हा शहाणपणा नव्हे, हेही इथेच नोंदवून ठेवतो.)

माझगावची आठवण

आम्ही रोज वडाळा, शिवडी, रे रोड करत माझगावला जातो. आपल्या देशातल्या जीपची सुरुवात याच माझगावात झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपले आणि हीच गाडी शेतात, जंगलात, घाटात कामाला आली. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत तिचे सुटे भाग अमेरिकेहून मुंबई बंदरात उतरू लागले आणि माझगावात गाड्यांची जुळणी होऊ लागली.

ही जुळणी करणारी कंपनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मुहम्मद. फाळणीत गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९५१ ते १९५५ या काळात गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये इथल्या कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. इतिहासाच्या तासाला मुलांना फाळणी शिकवताना आम्ही हे उदाहरण देतो. नकाशावरची रेघ माणसांच्या घरांतून आणि धंद्यांतूनही गेली, हे मुलांना पटकन समजते.

आमची गाडी त्याच घराण्यातली, एमएम ५४०. हिचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने इथे तयार होत असे. आज रस्त्यावर दिसणारी थार २०१० साली आली. तीही याच वंशातली. पण थारची किंमत विचारून आम्ही नमस्कार केला आणि खेडकडे निघालो.

चुंबक आणि तपासणी

खेडजवळच्या एका गृहस्थांकडे गाडी होती. एमएच ०८ पासिंग, म्हणजे रत्नागिरीची. जाताना मुलाच्या कंपासपेटीतले लोहचुंबक बरोबर घेतले. का, ते सांगतो. गंजलेल्या पत्र्याला भोक पडले की काही जण तिथे लांबी भरतात आणि वरून रंग मारतात. डोळ्यांना काही दिसत नाही. चुंबक पत्र्याला चिकटते, लांबीला चिकटत नाही. आमचे चुंबक मागच्या चाकावरच्या भागात दोनदा घसरले. तेवढ्यावरून आम्ही दहा हजार कमी करून घेतले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आणखी काही गोष्टी बघितल्या, त्या वाचकांच्या उपयोगाच्या आहेत. जुनी डिझेल गाडी बघायला जाल तर इंजिन गार असताना सुरू करून दाखवायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन पुष्कळ दोष झाकते. धुराकडे बघा. सतत काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. नोझल, पंप किंवा एअर फिल्टरकडे बघावे लागेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. तो मोठा खर्च. गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहिली तर पाणी आत शिरत असण्याची शंका घ्यावी. रेडिएटरचे झाकण गाडी गार असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर सलाम करून परत फिरा. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून चाके किती उशिरा वळतात ते पाहा.

कागद तर गाडीइतकेच महत्त्वाचे. चेसिसवरचा आणि इंजिनवरचा नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद आहे का, कर्जाचा बोजा उतरवला आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, दंडाची चलने थकलेली आहेत का, हे सगळे पैसे देण्याआधी पाहायचे. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथले ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचे. मालकी बदलल्याचे ३० दिवसांत कळवायचे आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. दुसऱ्याच्या नावाची गाडी वर्षानुवर्षे वापरणारे लोक आहेत. अपघात झाला की मग दोन्ही घरांची झोप उडते.

हे सगळे आम्ही केले. एकच गोष्ट राहिली. विक्रेते म्हणाले, "ब्रेकचे काम नुकतेच करून घेतले आहे." आम्ही मान डोलावली. एक लाख पंचावन्न हजार मोजून दिले आणि गाडी घरी आणली.

चूक

तो फेब्रुवारी २०२३ होता. एप्रिलमध्ये ईद. ईदला नव्या कपड्यांत, नव्या रंगाच्या गाडीतून नातेवाइकांकडे जायचे, हे मुलांनी ठरवले आणि आम्ही मान्य केले. डेंटिंग-पेंटिंग झाले, नवे टायर आले, वरचा कापडी हूड नवा शिवला. शेहेचाळीस हजार गेले. ईदच्या दिवशी गाडी खरोखर नवरीसारखी दिसत होती. कितीतरी फोटो निघाले.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या आठवड्यातच, पावसाची भुरभुर चालू असताना, अब्बा गाडी चालवत होते, आम्ही शेजारी, मागे आमची दोन मुले आणि खालाजानचा नातू. गल्लीच्या उतारावर, समोर एक लहान मुलगा रस्त्याच्या मधोमध वाकून पडलेली पाण्याची बाटली उचलत होता. अब्बांनी ब्रेक दाबला. पेडल थेट खाली गेले, जणू खाली काही नव्हतेच. पुन्हा दाबले, पुन्हा तसेच. त्यांनी हँडब्रेक ओढला, गिअर पहिल्यावर पाडला आणि कडेला पडलेल्या रेतीच्या ढिगात गाडी घातली. गाडी थांबली. मुलगा एका हाताच्या अंतरावर होता. त्याने बाटली उचलली, आमच्याकडे बघितलेही नाही, आणि चालू लागला. त्याला काही कळलेच नाही.

आम्ही मुलांना घेऊन शाळेपर्यंत पायी आणि मग बसने गेलो. त्या दिवशी फळ्यावर तारीख लिहिताना हात थरथरत होता.

ट्रक टर्मिनलच्या बाजूला आमचे मिस्त्री बसतात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी चाक उघडून दाखवले. ब्रेकची रचना साधी असते. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल बारीक नळ्यांतून प्रत्येक चाकाकडे ढकलले जाते, चाकातला छोटा सिलिंडर लायनर ड्रमवर दाबतो, आणि चाक थांबते. आमच्या मागच्या चाकाच्या सिलिंडरमधले रबर कुजले होते. तेल बाहेर, लायनर ओलाचिंब. विक्रेत्याचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. पुढच्या एका चाकाला नवे लायनर होते. बाकी तीन तशीच. मग उस्तादांनी गाडीखाली शिरून बॅटरीचा झोत टाकला आणि म्हणाले, "इधर आओ मास्टर, ये भी देख लो." मागच्या कमानीच्या पाट्यांजवळ चेसिसला तडा गेला होता. त्यावर आमच्याच पैशांचा ताजा रंग चमकत होता.

उस्तादांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "चाके उघडून बघायला किती पैसे लागले असते?" उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. रंगाच्या खर्चापुढे ते काहीच नव्हते. विक्रेत्याने अर्धे सांगितले हा त्यांचा दोष. पण मुलांना मागे बसवून, न तपासलेल्या ब्रेकवर चार महिने फिरलो तो आमचा.

गिऱ्हाईक

उस्तादांनी तो एक सिलिंडर बदलला. पेडल घट्ट झाले. पण गाडी आम्ही ताडपत्रीखाली उभी केली आणि घरात बोलणे बंद झाले. आम्ही म्हणत होतो, विका. अब्बा काहीच म्हणत नव्हते.

जुलैत पनवेलकडचा एक तरुण गाडी बघायला आला. रंग बघून खूश, टायर बघून त्याहून खूश. मोबाइलवर फोटो काढून मित्रांना पाठवले. म्हणाला, दोन लाख चाळीस हजार आजच देतो. आमचे तोवर दोन लाख एक हजार गेले होते. म्हणजे दिरांचे कर्ज फिटून वर एकोणचाळीस हजार हातात. त्याने ब्रेकबद्दल विचारले नाही. चेसिसबद्दल विचारले नाही. अब्बा आमच्याकडे बघत राहिले. आमची मुलगी सरबताचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

विकायच्या वस्तूतला ऐब गिऱ्हाइकापासून लपवू नये, हे आपण मुलांना दीनियातमध्ये शिकवतो, परीक्षेत विचारतो आणि गुणही देतो. त्या क्षणी मात्र एकोणचाळीस हजार फार मोठे दिसले, हे कबूल करतो. मग आम्ही त्याला खाली नेले, ताडपत्री काढली, बॅटरी हातात दिली आणि तडा दाखवला. चार चाकांपैकी किती चाकांचे काम बाकी आहे तेही सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकले, वर येऊन सरबत संपवले, शुक्रिया म्हणाला आणि गेला. परत आला नाही.

रात्री मुलगी म्हणाली, "पण त्यांनी विचारलंच नव्हतं."

आम्ही म्हटले, "विचारलं नाही, म्हणूनच सांगावं लागलं."

अब्बांनी दुसऱ्या दिवशी दिरांना फोन करून पैसे द्यायला उशीर होईल असे कळवले. दीर म्हणाले, "आधी ब्रेक करा."

दुरुस्तीचा क्रम

उस्तादांनी क्रम घालून दिला, तो आम्ही वहीत लिहून घेतला. आधी थांबणे, मग वळणे, मग दिसणे, मग धावणे, आणि शेवटी सजणे. कोणतीही जुनी गाडी रोजच्या वापरासाठी तयार करायची तर हाच क्रम धरावा, असे आमचे ठाम मत झाले आहे.

थांबण्यासाठी मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, लायनर आणि नळ्या नव्या : १९ हजार. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचे हेही तेव्हाच कळले. वळण्यासाठी स्टिअरिंगचे सांधे, किंगपिन, कमानीचे बुश : २४ हजार. दिसण्यासाठी संपूर्ण वायरिंग, दिवे, वायपर : १३ हजार. जुन्या गाडीत जोडावर जोड मारलेल्या तारा हे आगीचे निमंत्रण असते. धावण्यासाठी रेडिएटर, होज पाइप, पंप आणि नोझल : २७ हजार. चेसिसच्या तड्याचे वेल्डिंग आणि कुजलेला पत्रा कापून नवा बसवणे : २२ हजार. पुढच्या सीटचे बेल्ट आणि किरकोळ : ७ हजार. एकूण १ लाख १२ हजार.

एवढे पैसे एकदम नव्हतेच. पगार होईल तसे एकेक काम केले. सात महिने लागले, आणि ब्रेक, स्टिअरिंग व चेसिस पुरे होईपर्यंत मुलांना गाडीत बसू दिले नाही. काही भाग नवे घेतले, काही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांतून जुने. इथेही नियम एकच : काच, हँडल, सीटचा सांगाडा जुना चालतो. ब्रेक आणि स्टिअरिंगचा भाग जुना घ्यायचा नाही, कितीही स्वस्त असो.

किंमत, रंग आणि दुरुस्ती मिळून ३ लाख १३ हजार झाले. कागदपत्रांचा खर्च वेगळा. एवढ्यात एसी असलेली बऱ्यापैकी बंद मोटार आली असती. 'जुनी गाडी स्वस्त पडते' असे कुणी सांगितले तर आमचा हा आकडा त्याला दाखवा. जुन्या गाडीची किंमत हप्त्याहप्त्याने द्यावी लागते, इतकेच. आणि आमच्या बाबतीत त्या हप्त्यांवर व्याज नव्हते.

कायद्याची बाजू

खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नूतनीकरण करावे लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. आमचे नूतनीकरण २०२४ मध्ये झाले. तेव्हा शुल्क ५,००० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पूर्वी ते ६०० होते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ते १०,००० झाले आहे. म्हणजे २०२९ साठी आतापासून डबा भरायला हवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही सक्तीची आहे.

जीप म्हटली की पोरांना मोठे टायर, उंच केलेली गाडी, पुढे लोखंडी दांडा असे काहीबाही सुचते. आमच्या पुतण्याने यादीच आणली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. पुढच्या लोखंडी दांड्यांविरुद्ध कारवाई करा असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. तो दांडा गाडी वाचवतो, पण समोर चालणाऱ्या माणसाचे हाड मोडतो. बाटली उचलणारा तो मुलगा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे दांड्याचा मोह सुटेल.

रोज चालवताना

स्टिअरिंग जड आहे. पहिल्या महिन्यात आमचे खांदे दुखले. आता सवय झाली. एसी नाही. मे महिन्यात सायनच्या सिग्नलला दुपट्ट्याने घाम पुसत उभे राहावे लागते. डिझेल आमच्या हिशेबाने लिटरला दहा किलोमीटरच्या आसपास. धूर वाढू नये म्हणून फिल्टर आणि नोझलकडे लक्ष ठेवतो, कारण गाडी रोज शाळेच्या फाटकासमोर उभी राहते आणि फाटकात मुले असतात. मागे आडव्या बाकावर मुलांना बसवून महामार्गावर जात नाही. गावी जाताना मुले एसटीने, अम्मी पुढच्या सीटवर बेल्ट लावून.

आणि पूर? ज्याच्यासाठी उंच गाडीचा विचार सुरू झाला, तिथेही शहाणपण नंतरच आले. उंच गाडी म्हणजे होडी नव्हे. इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढले की पाणी दाबले जात नाही, आतला दांडा वाकतो. वाहत्या पाण्यात तर जडशीळ गाडीही सरकते. रस्त्याचा तळ दिसत नसेल तर आम्ही गाडी उभी करून वाट बघतो. घोटाभर पाण्यातून गेलोच तर पुढे हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबतो, म्हणजे ओले लायनर वाळतात.

चारही चाकांना ताकद देणारा दांडा मात्र गावच्या लाल चढावर सोन्याचा. तो फक्त चिखलात आणि सैल मातीत टाकायचा. कोरड्या डांबरावर टाकला तर वळताना पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात आणि गिअरांवर ताण येतो. गेल्या पावसाळ्यात अम्मी पहिल्यांदा घराच्या ओट्यापर्यंत चिखलात पाय न ठेवता पोहोचल्या. उतरताना स्टूल मागितले, आणि उतरल्यावर बॉनेटवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "याच्या बापाची गाडीही अशीच धडधडायची." अब्बा दुसरीकडे बघू लागले.

डॅशबोर्डच्या खणात आता शंभर पानी वही असते. कोणता भाग कधी बदलला, किती किलोमीटरला, किती पैशांत, आणि कोणता दोष अजून बाकी आहे, सगळे तारखेनिशी लिहिलेले. गाडी आज आमच्याकडे आहे, उद्या आणखी कुणाकडे जाईल. गाडीबरोबर वहीही जाईल. दिरांचे शेवटचे पाच हजार गेल्या रमजानच्या आधी फिटले. तीही नोंद त्याच वहीत आहे.

ते लोहचुंबक आमच्या फ्रिजच्या दारावर, उस्तादांचे ब्रेकचे बिल धरून बसले आहे. जुनी गाडी बघायला निघाला असाल तर जरूर घेऊन जा. मात्र चुंबक फक्त पत्रा तपासते. चाके उघडून बघायला उस्तादच बरोबर न्या, आणि ते काम रंगाआधी करा.